जॉन जे यांचे दफ्तर

न्यायाधीशाची योग्यता त्याने दिलेल्या निवाड्यांवरून ठरवावी, हा सर्वमान्य संकेत आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांना तो लावू गेल्यास अभ्यासकाच्या पदरी फारसे काही पडत नाही. १७८९ ते १७९५ अशी सहा वर्षे ते त्या आसनावर होते. त्या अवधीत सर्वोच्च न्यायालयापुढे चाललेले खटले अगदी मोजके होते, आणि शेवटचे वर्षभर तर स्वतः सरन्यायाधीशच इंग्लंडच्या दरबारी वकिलातीवर गेलेले होते. त्यांचा जो एक निवाडा सर्वाधिक गाजला, तो राज्यघटनेत दुरुस्ती करून देशाने अवघ्या दोन वर्षांत रद्दबातल ठरविला. अशा न्यायाधीशाची स्मृती कायद्याच्या ग्रंथांतील एखाद्या तळटीपेपुरती उरली असती, तर त्यात नवल नव्हते. ती तेवढीच उरली नाही, कारण या गृहस्थाने आपले कागदपत्र जपून ठेवले होते. माझे तर असे मत आहे की न्यायाधीश या नात्याने जे यांचे खरे कर्तृत्व त्यांच्या निवाड्यांपेक्षा त्यांच्या पत्रव्यवहारातच शोधले पाहिजे.

जे यांचा जन्म १७४५ साली न्यू यॉर्क येथे एका सधन व्यापारी घराण्यात झाला. पितृकुल फ्रान्समधून धर्मच्छळापायी परागंदा झालेल्या ह्यूगनॉट पंथीयांचे आणि मातृकुल व्हॅन कोर्टलंड या डच घराण्याचे असल्याने इंग्लंडविषयी रक्ताच्या नात्याचा जिव्हाळा त्यांच्या ठायी असण्याचे कारण नव्हते. तरीही स्वातंत्र्ययुद्धाच्या उंबरठ्यावर ते अखेरपर्यंत समेटाचेच पक्षपाती राहिले, आणि एकदा निर्णय झाल्यावर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. किंग्ज कॉलेजमधून १७६४ साली पदवी व १७६८ साली वकिलीची सनद घेतलेल्या या तरुणाने पुढे न्यू यॉर्क प्रांताच्या घटनेचा मसुदा रचला, त्या प्रांताचे मुख्य न्यायाधीशपद आणि काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले, स्पेनच्या दरबारी वकील म्हणून काम केले, पॅरिसच्या तहात मुखत्यार म्हणून सही केली, परराष्ट्र खात्याचा कारभार पाहिला, आणि सरन्यायाधीशपद सोडल्यावर सहा वर्षे न्यू यॉर्कचे गव्हर्नरपद सांभाळले. १८०१ साली ते बेडफर्ड येथील शेतवाडीत निवृत्त झाले व १७ मे १८२९ रोजी तेथेच निवर्तले.

अठराव्या शतकातील मुत्सद्द्याचे दफ्तर कसे तयार होत असे, हे ध्यानी घेतल्यावाचून अशा संग्रहाचे मोल कळत नाही. पत्र लिहावयाचे तर आधी कच्चा मसुदा करावयाचा, त्यात खाडाखोड करावयाची, मग शुद्ध प्रत उतरवून ती रवाना करावयाची आणि मसुदा आपल्यापाशी ठेवावयाचा, असा परिपाठ होता. त्यामुळे जे यांच्या संग्रहात त्यांनी पाठविलेल्या पत्रांचे मसुदे व त्यांना आलेल्या पत्रांच्या मूळ प्रती असा दुहेरी साठा आहे. पैकी मसुदे हे इतिहासकाराला शुद्ध प्रतींहून अधिक बोलके वाटतात, कारण कोणता शब्द आधी सुचला आणि सावध विचारानंतर कोणता कायम झाला, हे तेथे डोळ्यांना दिसते. आलेल्या पत्राची घडी घालून पाठीवर पाठविणाऱ्याचे नाव, तारीख आणि क्वचित एखाद्या ओळीत विषय किंवा अभिप्राय नोंदवावयाचा, ही चालही तेव्हा रूढ होती. हा पाठीवरचा शेरा कित्येकदा पत्राच्या पोटातील मजकुराइतकाच महत्त्वाचा ठरतो. त्याचे एक उदाहरण पुढे येईल.

युद्धकाळात यात आणखी अडचणींची भर पडे. समुद्रात गलबत बुडेल किंवा शत्रूच्या हाती लागेल या भयाने एकाच पत्राच्या दोन-दोन, तीन-तीन नकला निरनिराळ्या गलबतांतून पाठवाव्या लागत. स्पेनमध्ये असताना आपला टपाल-खलिता वाटेत फोडला जातो, याविषयी जे यांची खात्री झालेली असल्याने नाजूक मजकूर संकेतलिपीत लिहिणे त्यांना भाग पडले. त्यांचे थोरले बंधू सर जेम्स जे हे वैद्य होते, आणि त्यांनी एक अशी अदृश्य शाई सिद्ध केली होती की एका द्रावाने लिहिलेली अक्षरे दुसरा द्राव फिरविल्यावाचून उमटत नसत. पॅरिसमधील अमेरिकन हस्तक सायलस डीन याची पत्रे या शाईत लिहून जॉन जे यांच्याकडे येत व ते ती उमटवून वाचीत; पुढे याच शाईचा उपयोग जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हेरांनीही केला.

या दफ्तराच्या प्रवासाचीही एक हकीकत आहे. जे यांच्या पश्चात चार वर्षांनी, १८३३ साली, त्यांचे धाकटे चिरंजीव विल्यम जे यांनी दोन भागांत पित्याचे चरित्र निवडक पत्रव्यवहारासह प्रसिद्ध केले. विल्यम हेही न्यायाधीश आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. परंतु चरित्र पुत्राने लिहिलेले असल्यामुळे पितृभक्तीची मर्यादा त्यास पडलेली आहे. १८९० ते १८९३ या वर्षांत हेन्री जॉन्स्टन यांनी चार खंड संपादिले. त्यांचा भर सार्वजनिक कागदांवर होता; घरगुती पत्रे बव्हंशी बाजूस राहिली. मूळ कागद मात्र वंशजांच्या घरी पिढ्यानपिढ्या सांभाळले गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास कोलंबिया विद्यापीठाकडे आले. किंग्ज कॉलेजचेच स्वातंत्र्योत्तर नाव कोलंबिया. तेव्हा विद्यार्थ्याचे दफ्तर त्याच्याच विद्यालयात येऊन स्थिरावले असे म्हणावयास हरकत नाही. तेथील प्राध्यापक रिचर्ड मॉरिस यांनी एवढ्यावर समाधान न मानता, जे यांनी इतरांना लिहिलेली पत्रे जेथे जेथे असतील तेथून त्यांच्या छायाप्रती जमविण्याचे प्रचंड काम १९६० व १९७० या दशकांत केले. अप्रकाशित कागदांचे चार खंड काढण्याचा त्यांचा संकल्प होता. दोनच निघाले, पहिला १९७५ साली व दुसरा १९८० साली. संकल्प अपुरा राहिला खरा, परंतु त्या निमित्ताने गोळा झालेला संग्रह हीच मॉरिस यांची मोठी देणगी ठरली.

पॅरिसच्या वाटाघाटींविषयीचे कागद या संग्रहाचे एक भूषण होत. १७८२च्या उन्हाळ्यात जे माद्रिदहून पॅरिसला आले, तेव्हा इंग्लंडतर्फे बोलणी करणाऱ्या रिचर्ड ऑस्वल्ड यांच्या अधिकारपत्रात 'वसाहती' हा शब्द होता. वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांना ती बाब चालवून घेण्याजोगी वाटली. जे यांचा आग्रह असा की ज्या सत्तेशी तह करावयाचा, तिचे नाव संयुक्त संस्थाने असेच लिहिले गेले पाहिजे. आणि सप्टेंबरात इंग्लंडला तसे नवे अधिकारपत्र काढावे लागले. फ्रेंच मंत्री आपल्या पाठीमागे इंग्लंडशी संधान बांधीत आहेत असा वहीम आल्यावर तर फ्रँकलिन यांनाही न कळविता त्यांनी लंडनला आपला मनुष्य धाडला. तहाची प्राथमिक कलमे ३० नोव्हेंबर १७८२ रोजी ठरली आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी कायमच्या तहनाम्यावर सह्या झाल्या. या बोलण्यांत वापरलेला जॉन मिचेल यांचा नकाशा जे यांच्या कागदांत साठ वर्षे तसाच पडून होता. इंग्लंड व अमेरिका यांच्यामधील ईशान्य सीमेचा तंटा १८४२च्या तहाने मिटल्यावर तो उजेडात आला, आणि ऑस्वल्ड यांच्या नावाने त्यावर आखलेल्या रेषेविषयी वयोवृद्ध मुत्सद्दी अल्बर्ट गॅलॅटिन यांनी १८४३ साली न्यू यॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. तंटा चालू असताना ज्याची गरज होती तो पुरावा तंटा मिटल्यावर सापडावा, असे खाजगी दफ्तरांच्या बाबतीत सर्वत्र घडत आलेले आहे.

आता न्यायाधीश जे यांच्याकडे वळू. ज्या निवाड्याचा वर उल्लेख केला, तो १७९३च्या फेब्रुवारीतील चिझम विरुद्ध जॉर्जिया हा होय. एका संस्थानावर दुसऱ्या संस्थानातील नागरिकास फिर्याद लावता येईल काय, असा प्रश्न होता. प्रतिवादी जॉर्जिया संस्थानाने न्यायालयापुढे येण्याचेच नाकारले होते. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने फिर्याद ग्राह्य ठरविली. जे यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की क्रांतीनंतर सार्वभौमत्व राजाकडून लोकांकडे आलेले आहे, तेव्हा सामान्य नागरिकापुढे उभे राहण्यात संस्थानाचा कोणताही अपमान नाही. संस्थानांना हे मानवले नाही, आणि १७९५ साली अकरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन तो निवाडा इतिहासजमा झाला. मला स्वतःला जे यांचा तो युक्तिवाद आजही निर्दोष वाटतो.

परंतु त्याच वर्षाच्या ऑगस्टमधील एका लहानशा पत्राने जे साधले, ते या निवाड्यास साधले नाही. फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले होते, आणि अमेरिकेने तटस्थ राहावे असे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी एप्रिलमध्येच जाहीर केले होते. पण फ्रेंच वकील अमेरिकन बंदरांतून लुटारू गलबते सज्ज करू लागल्यावर जुन्या तहांचा अर्थ काय लावावा, याविषयी शेकडो शंका उपस्थित झाल्या. तेव्हा वॉशिंग्टन यांच्या वतीने परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांनी १८ जुलै रोजी न्यायाधीशांस पृच्छा केली, आणि मंत्रिमंडळाने तब्बल २९ प्रश्नांची यादी सिद्ध केली. इंग्लंडात राजाने न्यायाधीशांचा सल्ला घ्यावा ही रूढ गोष्ट होती. वॉशिंग्टन यांच्याविषयी जे यांच्या मनात परम आदर होता. आणि प्रश्न राष्ट्राच्या जीवनमरणाचे होते. असे असूनही ८ ऑगस्टच्या पत्रात जे व त्यांचे सहन्यायाधीश यांनी अत्यंत विनयाने नकार दिला. शासनाच्या तीन अंगांमध्ये घटनेने मर्यादा आखलेल्या आहेत, आपण अंतिम न्यायालयाचे न्यायाधीश आहोत, आणि लेखी मत मागविण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार घटनेने बुद्ध्याच खातेप्रमुखांपुरता ठेवलेला दिसतो, असा त्या उत्तराचा आशय होता. समोर वादी नाही, प्रतिवादी नाही, अशा प्रश्नावर अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय आजतागायत मत देत नाही, त्याचे मूळ या पत्रात आहे. आपल्या भारतीय राज्यघटनेने नेमका उलटा मार्ग पत्करून १४३व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविण्याचा अधिकार दिला, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. तेव्हा या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे, हे नाकारता येत नाही.

दफ्तराचा खरा उपयोग येथेच होतो. केवळ हे पत्र वाचणाऱ्यास जे म्हणजे शासनापासून कटाक्षाने अलिप्त राहिलेला तपस्वी न्यायाधीश वाटेल. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी खाजगी रीतीने विचारताच तटस्थतेच्या जाहीरनाम्याचा एक मसुदा जे यांनीच लिहून धाडला होता, आणि १७९० साली व्हर्जिनियाच्या विधानसभेने केलेल्या निषेधाच्या ठरावांविषयी हॅमिल्टन यांनी सल्ला मागितला असता, त्यांकडे दुर्लक्ष करावे असे त्यांनी कळविले होते. स्नेही म्हणून खाजगीत सल्ला द्यावयाचा, पण न्यायालय म्हणून अधिकृत मत द्यावयाचे नाही, ही रेषा त्यांनी आखली. आजच्या काटेकोर दृष्टीस ती पुरेशी वाटणार नाही. तथापि जेथे पूर्वोदाहरण म्हणून काहीच नव्हते, तेथे ही रेषा चाचपडत आखली गेली, आणि ते चाचपडणे मसुद्यांच्या या रुमालांतून आपल्याला पाहावयास मिळते.

१७९४ साली सरन्यायाधीशपदावर असतानाच त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथे त्यांनी १९ नोव्हेंबरला केलेला तह इतका अप्रिय झाला की गावोगाव त्यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या, आणि सिनेटने तो २० विरुद्ध १० अशा, म्हणजे लागत होत्या तेवढ्याच दोनतृतीयांश मतांनी मंजूर केला. मराठी वाचकास या तहातील तेरावे कलम विशेष पाहण्यासारखे आहे. त्या कलमान्वये अमेरिकन गलबतांस हिंदुस्थानातील ब्रिटिश मुलखाच्या बंदरांत, म्हणजे कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर आपल्या मुंबई बंदरातही, व्यापारास मुभा मिळाली. माल थेट अमेरिकेस न्यावा आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात किनारी व्यापार करू नये, एवढा निर्बंध होता. अमेरिकन गलबते त्यापूर्वीही इकडे येत; पण ती कंपनी सरकारच्या मेहेरबानीवर. आता त्यास तहनाम्याचा आधार झाला.

पाठीवरच्या शेऱ्याचे म्हणून जे उदाहरण वर राखून ठेवले, ते १८०० सालचे. न्यू यॉर्कच्या विधानसभेची निवडणूक जेफरसन यांच्या पक्षाने जिंकली, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी ही नवी विधानसभाच नेमणार असल्यामुळे निकाल जवळजवळ ठरल्यासारखा झाला. तेव्हा हॅमिल्टन यांनी ७ मे रोजी गव्हर्नर जे यांना पत्र लिहिले की जुन्या विधानसभेची मुदत संपण्यापूर्वी तिचे खास अधिवेशन बोलवावे आणि निवडीची पद्धतच बदलून टाकावी. हॅमिल्टन हे स्वपक्षाचे धुरीण, घटनेच्या समर्थनार्थ लेखमाला लिहिताना खांद्यास खांदा लावून उभे राहिलेले स्नेही. आणि आपल्या पक्षाचा पराभव जे यांनाही दुःसहच होता. त्यांनी पत्र वाचले, घडी घातली, आणि पाठीवर नोंद केली की केवळ पक्षीय हेतूसाठी सुचविलेला हा उपाय स्वीकारणे आपणास शोभणार नाही. अधिवेशन बोलावले गेले नाही आणि सत्ता विरुद्ध पक्षाकडे गेली. कोणी वाचावी म्हणून ती नोंद केलेली नव्हती, यातच तिची थोरवी आहे. जे यांच्या साऱ्या दफ्तरातील माझ्या मते हीच सर्वश्रेष्ठ ओळ होय.

त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्यांना न विचारताच सरन्यायाधीशपदी पुन्हा नेमले, आणि सिनेटने संमतीही दिली. २ जानेवारी १८०१ रोजी जे यांनी नकार कळविला. न्यायालयाची घडण सदोष आहे, न्यायाधीशांस वर्षानुवर्षे प्रांतोप्रांती फिरस्तीवर जावे लागते, आणि अशा व्यवस्थेत न्यायालयास बळ, वजन व प्रतिष्ठा लाभणे शक्य नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या नकाराने रिकामी राहिलेली जागा जॉन मार्शल यांना मिळाली, आणि मार्शल यांनी पुढील ३४ वर्षांत नेमके तेच बळ, वजन आणि प्रतिष्ठा त्या न्यायालयास मिळवून दिली. जे यांचे निदान अचूक होते; रोगी मात्र वैद्याच्या अपेक्षेहून चिवट निघाला.

दफ्तराचे एक अंग अद्याप राहिले, आणि ते वाचताना मन विषण्ण होते. न्यू यॉर्कमध्ये गुलामांच्या मुक्ततेसाठी १७८५ साली स्थापन झालेल्या संस्थेचे जे हे पहिले अध्यक्ष. त्या प्रांतातील गुलामगिरी क्रमाक्रमाने नष्ट करणारा १७९९चा कायदा त्यांच्याच सहीने अमलात आला. तरीही त्यांच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. स्पेनला जाताना गलबताच्या डोलकाठ्या मोडून मार्टिनीक बेटावर थांबावे लागले असता तेथे त्यांनी बेन्वा नावाचा एक मुलगा विकत घेतला. १७८४ साली त्यांनी त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज केला, पण आणखी तीन वर्षे इमानाने सेवा केल्यावर तो मुक्त व्हावा अशी शर्त त्यास जोडली. ॲबी ही गुलाम स्त्री तर स्वातंत्र्याचा तह झाला त्याच वर्षी, त्याच पॅरिस शहरात, जे इंग्लंडला गेले असताना घर सोडून निघून गेली. तिला पकडून तुरुंगात ठेवण्यात आले. पत्नी सारा यांनी हे वृत्त पतीस कळविले. अमेरिकेस परतल्यावर मुक्त करण्याचे वचन दिले असता तिने असे का करावे, हे जे यांना उमगेना, आणि तसे त्यांनी लिहिलेही. तुरुंगात आजारी पडल्यावर ती परत आली आणि थोड्याच दिवसांत मरण पावली. जो पुरुष एका शब्दासाठी इंग्लंडच्या राजाचे अधिकारपत्र बदलवू शकला, त्याला आपल्याच घरातील स्त्रीची स्वातंत्र्येच्छा समजू नये, याची संगती लावण्याचा खटाटोप काही चरित्रकारांनी केला आहे. तो मला व्यर्थ वाटतो. ॲबीची बाजू सांगणारा तिच्या हातचा एकही कागद या संग्रहात नाही. तिच्याविषयी आपण जाणतो ते तिच्या धन्यांच्या पत्रांतून, आणि कुटुंबाने ती पत्रे नष्ट केली नाहीत म्हणूनच जाणतो. म्हणून कोणत्याही थोर पुरुषाचे दफ्तर वेचक रूपात छापण्यापेक्षा जसेच्या तसे राखणे, हे मला अधिक महत्त्वाचे कर्तव्य वाटते.

कोलंबिया विद्यापीठाने जे यांच्या सुमारे १३,००० कागदांच्या प्रतिमा, ३०,०००हून अधिक पृष्ठे, संगणकावर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, आणि एलिझाबेथ नक्सॉल यांच्या संपादनाखाली २०१० पासून निवडक कागदांचे सात खंडही प्रसिद्ध झाले आहेत. जिज्ञासूंनी छापील खंडांवर न थांबता मूळ हस्ताक्षरातील प्रतिमाही अवश्य पाहाव्यात; आरंभ ऑगस्ट १७९३च्या पत्रापासून करावा, मात्र १७८३च्या हिवाळ्यातील घरगुती पत्रे वगळू नयेत.